नाकातला कॅन्सर : शेक आणि केमो एकत्र कशासाठी?



दारव्हा तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. त्यांच्या दिराची उजवी नाकपुडी सात-आठ महिन्यांपासून बंद होती. मधूनमधून रक्त यायचे, नाकाला घाण वास यायचा. गावात सर्दीचे औषध झाले, तालुक्याला सायनसचे झाले. शेवटी नागपूरला तुकडा तपासला, तेव्हा नाकातला लिम्फोमा निघाला. आजार अजून नाकापुरताच आहे असे डॉक्टर म्हणतात, आणि शेक व केमो दोन्ही जोडून द्यायचे म्हणतात. घरात मात्र दोन तट पडले आहेत. सासऱ्यांचे म्हणणे, एक औषध आधी पचू द्या, मग दुसऱ्याचे बघू. दिराचे म्हणणे, पेरणी होऊ द्या. आणि ताई आम्हाला विचारतात, "भाऊ, दोन्ही एकदम देणे खरेच गरजेचे आहे का, की बिल वाढवायचा प्रकार आहे?"

आम्ही डॉक्टर नव्हे. कचेरीत कारकुनी करणारा बी.कॉम. माणूस. पण समाजातल्या रुग्णांबरोबर फाईल घेऊन नागपूर-वर्धा-मुंबई करता करता काही गोष्टी कानावर पडल्या, काही विचारून घेतल्या, काही वाचल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी आमचे लिहिणे कुणी ठेवू नये. त्यांना नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठीच ते आहे.

ताईंना उत्तर आधी देऊन टाकतो. हा बिल वाढवायचा प्रकार नाही. या आजारात बहुतेक रुग्णांना दोन्हीची गरज असते, आणि आजार नाकापुरता असतो तेव्हाच ही सांगड सर्वांत जास्त फळ देते. आता कारण सांगतो. ते थोडे लांबचे आहे, पण घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवता येईल असे लिहायचा प्रयत्न करतो.

लिम्फोमा म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पुष्कळदा तो मानेत, काखेत, जांघेत गाठी होऊन दिसतो. पण त्याची एक जात नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरात सुरू होते. रोगजंतू लागलेल्या पेशींना ठार मारणाऱ्या 'नॅचरल किलर' नावाच्या पेशी आपल्या अंगात असतात. त्याच बिघडतात आणि आपल्याच नाकाचे मांस, कूर्चा, हाड खाऊ लागतात. म्हणून कागदावर 'एन.के./टी. सेल लिम्फोमा' असे लिहिलेले असते. चीन, जपान, कोरिया आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत तो जास्त आढळतो, आपल्या देशात कमी. बायकांपेक्षा पुरुषांत अधिक, आणि बहुधा ऐन कमावत्या वयात.

आजार नवा नाही. मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरांनी १८९७ साली नाक व चेहरा झपाट्याने झडत जाणाऱ्या एका रुग्णाची हकीकत छायाचित्रांसह छापली होती. पुढे कित्येक वर्षे या दुखण्याला 'लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा' म्हणत, म्हणजे चेहऱ्याच्या मध्यावरची जीवघेणी गाठ. नावातच 'जीवघेणी' शब्द होता. तो कॅन्सर आहे की आणखी काही, याचाच घोळ फार काळ चालला.

हा घोळ आपल्याकडे आजही होतो, आणि त्यात डॉक्टरांचाच दोष असतो असेही नाही. नाक बंद होण्याची, रक्त येण्याची कारणे आपल्या भागात थोडी का आहेत? साधी सर्दी आहे, वाढलेले मांस आहे, नाकाचे वाकडे हाड आहे. तळ्या-बोडीत आंघोळ करणाऱ्यांच्या नाकात स्ट्रॉबेरीसारखा लाल, रक्त गळणारा मोड येतो, त्याला ऱ्हायनोस्पोरिडिओसिस म्हणतात. क्षयरोग नाकात होतो. कुष्ठरोगात नाक बसते. आपल्या विदर्भात तर नाक बसलेला माणूस दिसला की लोक पहिला संशय 'महारोगा'चाच घेतात आणि माणसाला दूर ठेवतात, मग तो माणूसही घरात दडून बसतो. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीची साथ आली. तेव्हा नाकात काळी खपली आणि टाळूला भोक एवढे पाहिले की म्युकर अशीच शंका यायची. या लिम्फोमातही काळी खपली धरते, टाळूला भोक पडते, डोळ्याखाली सूज येते. डोळ्यांनी पाहून यातले काय आहे ते सांगता येत नाही.

सांगता येते ते तुकड्यावरून, म्हणजे बायोप्सीवरून. आणि तुकड्याचे नाव काढले की आपली माणसे गावाकडे पळतात. "सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे वाक्य आम्ही पारावर ऐकले, एस.टी.त ऐकले आणि शिकल्यासवरल्या मास्तरांच्या तोंडूनही ऐकले. या आजारात तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढल्याने मात्र तो वाढत राहतो. आणखी एक गोष्ट घरच्यांनी मनात पक्की धरावी. या गाठीत मेलेले मांस फार असते. पहिला तुकडा त्या मेलेल्या भागातून आला तर रिपोर्टवर 'केवळ सूज' किंवा 'मृत पेशी' एवढेच येते. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तुकडा मागतात. तो त्यांचा हट्ट नव्हे. सहा-आठ आठवडे औषध घेऊनही एका बाजूचे नाक उघडत नसेल, रक्त थांबत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, तेथून सुरुवात करता येते.

तुकडा मिळाला की त्यावर विशेष रंगांच्या तपासण्या होतात. सी.डी. ५६ वगैरे खुणा पाहतात आणि 'ईबर' नावाची तपासणी करतात. ईबर म्हणजे त्या पेशीत एपस्टाइन-बार नावाचा विषाणू दडला आहे का ते बघणे. या विषाणूची कथा थोडक्यात सांगतो. आफ्रिकेतील युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींतून १९६४ साली तो सापडला. शोधाच्या निबंधावर तीन नावे होती : एपस्टाइन, अचाँग आणि बार. विषाणूच्या नावात पहिले आणि तिसरे आले. मधले बर्ट अचाँग, त्रिनिदादमध्ये जन्मलेले, ते गाळले गेले. कुणाचे नाव पाटीवर राहते आणि कुणाचे पुसले जाते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. असो. नाकातल्या या लिम्फोमात तो विषाणू असतो हे जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये दाखवले.

हा विषाणू जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून निजलेला असतो, तुमच्या-आमच्याही. त्यातल्या फारच थोड्यांना हा आजार होतो. तेव्हा रुग्णाचे ताट-पेला वेगळे करणे, पोरांना त्याच्याजवळ जाऊ न देणे, हे सारे व्यर्थ. एकाचा कॅन्सर दुसऱ्याला लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे आजार कुठवर गेला ते पाहणे. पेट स्कॅन, हाडातल्या मगजाची तपासणी, रक्तात एल.डी.एच. आणि जमल्यास त्या विषाणूचे प्रमाण. केमोआधी काविळीच्या 'बी' विषाणूचीही तपासणी होते, कारण केमोत तो उसळू शकतो. नाक आणि आसपासच्या पोकळ्यांपुरता आजार असेल तर पहिली अवस्था, फार तर मानेच्या गाठींपर्यंत असेल तर दुसरी. या दोन्हींना सुरुवातीची अवस्था म्हणतात. ताईंचे दीर याच घरात आहेत. यापुढे गेले की हिशेब बदलतो, आणि तो वाईट बाजूला बदलतो.

आता मूळ प्रश्न. एकच उपचार का पुरत नाही?

शेक म्हणजे किरणोपचार, काही जण त्याला 'लाईट घेणे'ही म्हणतात. ही गाठ किरणांपुढे चांगली नमते. म्हणून पूर्वी फक्त शेक देत. नाक मोकळे होई, रक्त थांबे, माणूस घरी जाई. पण पुष्कळांना वर्ष-दोन वर्षांत कातडीवर, पोटात, वृषणात, कुठेतरी दुसरीकडे तोच रोग उठे. शेतकऱ्याला हे समजायला कठीण नाही. बांधावरचे गाजरगवत उपटून जाळले तरी त्याआधी वाऱ्यावर गेलेले बी शेताच्या दुसऱ्या टोकाला उगवतेच. किरण पडतात तेवढ्याच जागेवर काम करतात. उडून गेलेल्या पेशींना गाठायला रक्तातून फिरणारे औषध लागते, ते म्हणजे केमो.

मग फक्त केमोच का देऊ नये? इथे या आजाराची खोड आहे. लिम्फोमाला नेहमी देतात ते औषधांचे मिश्रण 'चॉप' नावाने ओळखले जाते. दुसऱ्या अनेक लिम्फोमांत ते चांगले चालते, या जातीत मात्र फसते. या पेशींच्या भिंतीत एक प्रकारचा पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन त्याचे नाव. चॉपमधली दोन महत्त्वाची औषधे आत शिरली की हा पंप त्यांना बाहेर फेकतो. सलाईन चालूच राहते, केस जातात, उलट्या होतात, आणि गाठ मात्र तशीच वाढत असते. त्या नादात शेक लांबणीवर पडला तर हातातली वेळ निघून जाते. म्हणून सासऱ्यांचे 'एक आधी पचू द्या' हे म्हणणे प्रेमापोटी असले तरी या रोगाला ते सोयीचे आहे.

यावर जपानी डॉक्टरांनी वाट काढली. हा पंप ज्यांना फेकू शकत नाही अशी औषधे त्यांनी निवडली, आणि ती शेकाबरोबरच सुरू केली. शेक ५० ग्रे, ग्रे हे किरणांचे माप आहे. सोबत 'डेव्हिक' नावाची चार औषधे : डेक्सामेथासोन, इटोपोसाइड, आयफॉस्फामाइड आणि कार्बोप्लॅटिन. मात्रा पूर्ण नाही, दोन-तृतीयांश, कारण शेकाबरोबर ती झेपली पाहिजे. दर तीन आठवड्यांनी एक, असे तीन डोस. २००९ साली त्यांनी निकाल छापला. या मात्रेने उपचार झालेल्या २७ रुग्णांपैकी ७७ टक्क्यांमध्ये गाठ पूर्ण नाहीशी झाली, आणि दोन वर्षांनंतर ७८ टक्के रुग्ण हयात होते. फक्त शेक दिलेल्या पूर्वीच्या रुग्णांमध्ये हाच आकडा ४५ टक्के धरला जात होता. नंतर पाच वर्षांचा हिशेब आला, तेव्हाही दहापैकी सात जण हयात होते.

त्याच वर्षी कोरियातल्या डॉक्टरांनी ३० रुग्णांची माहिती दिली. त्यांनी शेकाबरोबर दर आठवड्याला सिसप्लॅटिनची छोटी मात्रा दिली, आणि शेक संपल्यावर वेगळ्या केमोचे तीन डोस. शेक सुरू असताना एकानेही उपचार अर्ध्यावर सोडला नाही. तीन वर्षांनी ८६ टक्के हयात होते.

आकडे छोट्या गटांचे आहेत हे आम्ही लपवत नाही. हा आजारच विरळा, हजारो रुग्ण एका जागी जमत नाहीत. पण ज्या दुखण्याच्या नावातच जीवघेणे असे लिहिलेले होते, त्यात दहापैकी सात-आठ माणसे घरी परततात, ही गोष्ट लहान नाही.

ताईंच्या घरात आणखी एक वाद होईल, म्हणून आधीच सांगतो. दुसरे कुणी म्हणेल, अमक्याला तर आधी केमो दिले, मग शेक, मग पुन्हा केमो. मग आमचे डॉक्टर चुकतात की त्यांचे? दोघेही चुकत नाहीत. दोन्ही अगदी बरोबरीने देतात, एकामागून एक देतात, किंवा केमोच्या दोन थरांत शेक ठेवतात, भाकरीत झुणका ठेवावा तसा. कोणती तऱ्हा घ्यायची हे गाठ किती पसरली, वय किती, मूत्रपिंड कसे आहे यावर ठरते. तऱ्हा वेगळ्या असल्या तरी शेक कुणीच वगळत नाही. चीनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये असेही दिसले की पहिल्याच अवस्थेतली लहान गाठ, वय साठच्या आत, एल.डी.एच. नॉर्मल आणि माणूस धडधाकट, अशा निवडक रुग्णांना एकटा शेकही पुरू शकतो. तेव्हा "आमचा रुग्ण त्यात बसतो का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

केमोत अलीकडे आणखी एक औषध महत्त्वाचे झाले आहे, ॲस्पॅराजिनेज. त्याची जन्मकथा आम्हाला फार आवडते. १९५३ साली किड नावाच्या शास्त्रज्ञाला दिसले की गिनीपिगच्या रक्तातला द्रव टोचला की उंदरांमधला लिम्फोमा विरघळतो. का विरघळतो ते पुढे ब्रूम यांनी शोधले. त्या द्रवात असा घटक होता जो रक्तातले ॲस्पॅराजिन नावाचे पोषक द्रव्य संपवतो. निरोगी पेशी ते द्रव्य स्वतः बनवून घेतात. या कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही, त्या उपाशी मरतात. पंप असला तरी इथे उपयोग नाही, कारण औषध आत शिरावेच लागत नाही. हे द्रव्य पहिल्यांदा अस्पॅरागस या भाजीत सापडले, म्हणून हे नाव. आपली शतावरी त्याच कुळातली. म्हणून कुणी रुग्णाला शतावरी घोटून पाजू नये, किंवा तिच्या भीतीने आहारही तोडू नये. खाण्याने या औषधाचे काम होत नाही आणि बिघडतही नाही. औषधाने मात्र अंगावर ॲलर्जी उठू शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सलाईन चालू असताना दम लागला, अंगावर गांध्या उठल्या किंवा नंतर पोटात कळ येऊन पाठीत गेली, तर लगेच सिस्टरांना सांगावे.

आता आमच्या धंद्याचे काम, म्हणजे दिवस मोजणे. ५० ग्रे शेक रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवसांत होतो. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सरळ पाच आठवडे. केमो जपानी पद्धतीने असेल तर पहिला डोस १ल्या दिवशी, दुसरा २२व्या, तिसरा ४३व्या. प्रत्येक डोस तीन दिवस चालतो. त्यानंतर रक्त सावरायचा काळ धरून नऊ आठवडे. तपासण्यांचे दोन-तीन आठवडे आधी. कोरियासारखी पद्धत असेल तर चार महिन्यांच्या पुढे. म्हणजे मृगाआधी सुरू केले तर पेरणी गेली, दिवाळीनंतर सुरू केले तर कापसाची वेचणी गेली. कोरडवाहू माणसाला हे सांगणे आम्हालाही जड जाते. पण या आजाराला थांबता येत नाही. पेरणी भावाने करावी, भाऊबंदांनी करावी, नाहीतर एका हंगामासाठी शेत बटाईने द्यावे. गावातल्या चार घरांनी एकेक दिवस तिफण दिली तरी पाच-सात एकर उरकते.

सर्वांत मोठा धोका उपचाराच्या मध्यावर येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच नाक मोकळे होते, वास येऊ लागतो, रक्त थांबते. माणूस म्हणतो, "मी तर बरा झालो." त्याच वेळी तोंडात फोड आलेले असतात, गिळवत नाही, खोलीचे भाडे चढलेले असते, आणि घरून फोन येतो. दहा-पंधरा शेक झालेले असताना माणूस पिशवी उचलतो. दिसणारी गाठ गेलेली असते, पण मुळाशी पेशी उरलेल्या असतात. या आजारात ५० ग्रेच्या खाली थांबलेल्यांना रोग त्याच जागी पुन्हा उलटण्याचे प्रमाण जास्त आहे. आणि उलटल्यावर तोच शेक त्याच जागी पुन्हा पूर्ण देणे फार अवघड, कारण डोळे, मेंदू, टाळू सारे जवळच असते. एखादा दिवस मशीन बंद पडले तर डॉक्टर भरून काढतात. आपणच आठवडाभर गावाला जाऊन येणे ही वेगळी गोष्ट.

शेकाची भीतीही अनाठायी असते. तो दुखत नाही. चेहरा हलू नये म्हणून प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, ती थंड झाली की चेहऱ्याचा साचा तयार होतो. रोज तोच साचा लावून टेबलावर निजायचे, काही मिनिटांत काम संपते. बाहेर आल्यावर अंगातून किरण निघत नाहीत, लेकरू मांडीवर घ्यायला हरकत नाही. शेकाआधी दात तपासून किडलेले काढून घ्यावेत, नंतर काढले तर जबड्याची जखम भरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते. कोमट पाण्यात मीठ व खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, डॉक्टर सांगतील तसे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, तिखट-आंबट बंद. भाकरी वरणात कुस्करून, ज्वारीची पातळ कण्णी, मऊ भात, उकडलेले अंडे, जे उतरेल ते. आणि खर्रा? तो त्या दिवसापासून संपला पाहिजे. तोंडाला फोड असताना खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवून शेक घ्यायला आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना काय म्हणावे?

केमोनंतर पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गावातल्या इंजेक्शनवर रात्र काढू नये, थेट रुग्णालय गाठावे. लघवी लाल झाली तरी लगेच सांगावे, आयफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देते आणि त्यावर वेगळे औषध असते. रुग्ण तरुण असेल, पुढे मूलबाळ हवे असेल, तर तो विषय केमो सुरू होण्याआधी काढावा. नंतर काढून उपयोग नसतो. आपल्याकडे हे विचारायला लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सोयीचे बोलू. शेकाची सोय वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे आहे, यवतमाळपासून साधारण सत्तर किलोमीटरवर. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. आमचे मत असे की आजार विरळा असल्याने तुकड्याच्या काचा आणि रिपोर्ट एकदा मोठ्या केंद्रात दाखवून घ्यावेत, पण पाच आठवड्यांचा रोजचा शेक शक्य तो घराजवळ घ्यावा. कारण मुंबईत माणूस आजारापेक्षा राहण्याच्या खर्चाने आधी थकतो. मुंबईला जावेच लागले तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. जागेची चौकशी निघण्याआधीच करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि २०२४ पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव एकच असावे, 'रामभाऊ' आणि 'रामराव' यातच आठ दिवस जातात. कोणते औषध योजनेत बसते, पेट स्कॅन बसतो का, हे उपचार सुरू होण्याआधी विचारून घ्यावे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर ए.सी.मध्ये भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागावा. धामणगाव किंवा वर्ध्याहून गाडी धरणाऱ्यांना याचा मोठा आधार होतो.

उपचार संपले म्हणजे नाते संपत नाही. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने नाक तपासणे, सांगतील तेव्हा स्कॅन आणि रक्त, पुढे अंतर वाढत जाते. नाक कोरडे राहते, खपल्या धरतात, काहींना पुढे मोतीबिंदू होतो. कातडीवर नवी गाठ, वृषणाला सूज, सतत ताप यांपैकी काही आले तर तारखेची वाट पाहू नये.

आणि फाईल. डिस्चार्ज कार्डावर शेक एकूण किती ग्रे, किती दिवसांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, केमोत कोणती औषधे, किती डोस, हे सारे लिहून घ्यावे आणि त्याच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. एक घरात, एक भावाकडे आणि एक पोरीच्या सासरी ठेवावी. पावसाळ्यात घर गळते. मूळ कागद भिजला आणि पाच वर्षांनी डॉक्टरांनी विचारले, "आधी किती ग्रे दिले होते?" तर तो आकडा सांगणारे दुसरे काही आपल्याजवळ नसते.